छोटा ऑटोबॉट टेलगेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेलगेट म्हणजे नेमका कोण?

ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या रोबोंच्या खेळण्यांच्या आणि कथांच्या विश्वातला एक ऑटोबॉट, म्हणजे चांगल्या बाजूचा रोबो. अंगाने बुटका, रंगाने पांढरा, गाडीचं रूप घेणारा. १९८६ साली हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने त्याला 'मिनिबॉट' या लहान खेळण्यांच्या गटात बाजारात आणलं. पुढची पंचवीस वर्षं त्याच्या वाट्याला जवळपास काहीच आलं नाही. ऑटोबॉटांचा नायक ऑप्टिमस प्राइम आणि शत्रूपक्षाचा, म्हणजे डिसेप्टिकॉनांचा, म्होरक्या मेगाट्रॉन यांच्यावर पानंच्या पानं लिहिली जात असताना हा मागच्या गर्दीत उभा असायचा, तोही असलाच तर. जानेवारी २०१२ मध्ये आयडीडब्ल्यू या अमेरिकन प्रकाशन संस्थेची 'मोअर दॅन मीट्स द आय' ही मालिका सुरू झाली आणि तिथे तो पहिल्या अंकापासून थेट मुख्य पात्रांमध्ये आला. आज त्याचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी येणारे वाचक आहेत. मीही त्यातलाच.

त्याचं जुनं खेळणं विंडचार्जरसारखं का दिसतं?

कारण साचा तोच आहे. ट्रान्सफॉर्मर्सची सुरुवातीची बहुतेक खेळणी हॅस्ब्रोने स्वतः घडवलेली नव्हती. जपानच्या ताकारा कंपनीच्या 'डायाक्लोन' आणि 'मायक्रोमॅन' या मालिकांतली तयार खेळणी घेऊन, त्यांना नवी नावं आणि नवी गोष्ट देऊन १९८४ साली ट्रान्सफॉर्मर्स उभं राहिलं. छोट्या गाड्या मायक्रोमॅनकडून आल्या. त्यातली लाल स्पोर्ट्स कार म्हणजे विंडचार्जर.

१९८६ मध्ये याच जुन्या साच्यांमध्ये थोडे फेरफार करून नवी पात्रं काढली गेली. ब्रॉनच्या साच्यातून आउटबॅक निघाला, हफरच्या साच्यातून पाइप्स, गिअर्सच्या साच्यातून स्वर्व्ह, क्लिफजंपरच्या साच्यातून हबकॅप आणि विंडचार्जरच्या साच्यातून टेलगेट. नवा साचा बनवायचा खर्च मोठा असतो, त्यामुळे कंपनीच्या दृष्टीने हे सोयीचंच होतं. पण याचा एक परिणाम असा झाला की ही पाचही पात्रं जन्मतःच कोणाची तरी दुसरी आवृत्ती म्हणून ओळखली गेली. गंमत म्हणजे या पाचांपैकी टेलगेट, स्वर्व्ह आणि पाइप्स पुढे एकाच जहाजावर, एकाच कॉमिकमध्ये जगले.

१९८६ च्या खेळण्यासोबत जी माहिती छापलेली असायची, त्यात टेलगेटबद्दल काय होतं?

हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्या काळी प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या पॅकिंगच्या मागच्या बाजूला त्याची ओळख छापलेली असे: काम काय, स्वभाव कसा, ताकद कशात, दुबळेपणा कशात. सोबत ताकद, बुद्धी, वेग वगैरेंचा एक आलेख असायचा. तो लाल रेघोट्यांच्या जाळ्याआड दडवलेला असे आणि लाल पारदर्शक पट्टी वर धरली की वाचता यायचा. मुलं आधी पट्टी शोधायची, मजकूर नंतर वाचायची.

टेलगेटचा तो मजकूर वाचण्यासारखा आहे. तो टेहळ्या आहे. पृथ्वीवर आल्यावर त्याला रस्त्यावरच्या गाड्या, कारखान्यातली यंत्रं ही सगळी आपली भावंडं वाटतात. माणसं त्यांना गुलामासारखं राबवून घेतात, असं त्याचं मत आहे. त्यांना मोकळं करावं असं त्याला मनापासून वाटतं. साध्या मोटारीत जीव नाही हे त्याच्या गळी उतरत नाही. शिवाय त्याच्या अंगात चुंबकशक्ती आहे. पुढच्या गाडीला त्या शक्तीने चिकटून तिच्या जोरावर तो पुढे जातो, म्हणजे स्वतःचं इंधन वाचतं. ट्रकच्या मागच्या साखळीला धरून घाट चढणारा सायकलवाला डोळ्यांसमोर आणा.

चुंबकाची ही कल्पना बहुधा साच्याबरोबरच आली असावी, कारण विंडचार्जरची ताकदही चुंबकाचीच आहे. पण यंत्रांविषयीची ती कणव खास टेलगेटची. माहितीपत्रकातल्या चार-सहा वाक्यांत एका खेळण्याला जगाकडे बघायची स्वतःची नजर मिळाली होती. ज्याच्यात जीव आहे असं दुसऱ्या कोणालाही वाटत नाही, त्याच्यासाठी कळवळणारा हा रोबो आहे. या बीजावर कथा रचायला पंचवीस वर्षं कोणी पुढे आलं नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

मार्व्हलच्या जुन्या कॉमिक्समध्ये तो आहे का?

नावापुरता. अमेरिकेत मार्व्हलची मालिका १९८४ ते १९९१ या काळात ८० अंक चालली, ब्रिटनमधलं साप्ताहिक तर ३३२ अंकांपर्यंत गेलं. एवढ्या पसाऱ्यात टेलगेटच्या खांद्यावर उभी राहिलेली कथा नाही. पात्रांची ओळख करून देणारी 'ट्रान्सफॉर्मर्स युनिव्हर्स' ही चार अंकांची मालिका १९८६-८७ मध्ये निघाली, तिच्यात चित्रासह ओळख मिळणं हाच अशा छोट्या पात्रांचा मोठा मान होता. टीव्हीवरच्या कार्टूनबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

मग २०१२ मध्ये असं काय घडलं?

जेम्स रॉबर्ट्स नावाचा लेखक घडला. हा ब्रिटिश माणूस मुळात चाहता. २००१ मध्ये त्याने 'युजेनेसिस' ही ट्रान्सफॉर्मर्सवरची कादंबरी चाहता म्हणून लिहिली होती. २०१० मध्ये चित्रकार निक रोशबरोबर त्याने 'लास्ट स्टँड ऑफ द रेकर्स' केलं आणि त्यानंतर 'मोअर दॅन मीट्स द आय'चं लेखन त्याच्याकडे आलं. या मालिकेची बरीचशी चित्रं ॲलेक्स मिल्नची.

कथेची सुरुवात युद्ध संपल्यावर होते. लाखो वर्षं लढून झालेले रोबो आता करायचं काय, या प्रश्नाशी येऊन थांबलेत. रॉडिमस नावाचा उतावळा कप्तान 'लॉस्ट लाइट' हे जहाज घेऊन दंतकथेतल्या वीरांच्या शोधात निघतो आणि त्याच्याबरोबर दोनशेच्या आसपास खलाशी. ऑप्टिमस प्राइम त्यात नाही. नावाजलेली बहुतेक मंडळी नाहीत. उरलेसुरले, विसरलेले, डागाळलेले असे सगळे या जहाजावर आहेत. रॉबर्ट्सला मोकळीक मिळाली ती यामुळेच. ज्या पात्राला कोणी हात लावलेला नसतो, त्याला हवं तसं घडवता येतं.

टेलगेट साठ लाख वर्षं खड्ड्यात होता, हे खरं?

आयडीडब्ल्यूच्या कथेत खरं. इथून पुढे कथानक फुटणार आहे. स्वतः वाचायचं असेल तर खेळण्यांच्या प्रश्नावर उडी मारा.

'आर्क' नावाचं पहिलं महान जहाज सायबरट्रॉन या रोबोंच्या ग्रहावरून निघायचं होतं, त्या सुमारास टेलगेट जमिनीखालच्या पोकळीत कोसळला आणि तिथेच अडकला. वर युद्ध सुरू झालं, शहरं जळाली, ग्रह उजाड झाला, युद्ध संपलं. याला त्याचा पत्ताच नाही. बाहेर आला तेव्हा ऑटोबॉट म्हणजे काय आणि डिसेप्टिकॉन म्हणजे काय, हेही त्याला विचारावं लागलं.

लेखक म्हणून ही युक्ती किती कामाची आहे बघा. तीस वर्षांचा इतिहास पाठीवर घेतलेली ही मालिका. नवा वाचक पहिलं पान उघडतो तेव्हा तोही टेलगेटसारखाच कोरा असतो. टेलगेट विचारतो, दुसरा कोणीतरी सांगतो आणि आपल्यालाही कळतं. पण रॉबर्ट्स तेवढ्यावर थांबत नाही. टेलगेटच्या प्रश्नांनी समोरचा अडखळतो. युद्धात वाढलेल्यांना जे साहजिक वाटतं, ते या एकट्याला भयंकर वाटतं. बाजू का निवडायची, हा त्याचा प्रश्न इतरांनी कधी विचारलेलाच नसतो.

तो सुरुवातीला सगळ्यांशी खोटं का बोलतो?

जहाजावर आल्यावर तो सांगतो की आपण 'प्रायमल व्हॅनगार्ड' या मानाच्या पथकात होतो, बॉम्ब निकामी करण्यात पटाईत होतो, आर्कवरही जाणार होतो. यातलं काही खरं नसतं. तो कचरा उचलणारा कामगार होता.

काही वाचक या खोटेपणावर चिडतात. मला ते पटत नाही. जुन्या सायबरट्रॉनवर कोण कोणत्या रूपात जन्मला, यावरून त्याचं काम आणि त्याची पायरी ठरायची. आयडीडब्ल्यूच्या जगात युद्ध पेटायचं एक मोठं कारण ही उतरंडच आहे. आपण भारतीय वाचक हे वाचताना नुसती परग्रहावरची गोष्ट म्हणून वाचू शकत नाही. सफाई कामगार म्हणून ज्याच्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही, त्याला नव्या जगात पहिल्यांदा स्वतःची ओळख स्वतः सांगायची संधी मिळाली. त्याने मोठी ओळख सांगितली. पुढे संकट आलं तेव्हा हाच टेलगेट जिवावर उदार होऊन पुढे झाला.

सायक्लोनस आणि टेलगेट यांचं नेमकं नातं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तो योग्यच आहे.

सायक्लोनस म्हणजे १९८६ च्या ॲनिमेशनपटातल्या गॅल्व्हाट्रॉन या खलनायकाचा उजवा हात. जांभळा, उंच, शिंगं असलेला, गालफडं बसलेला योद्धा. आयडीडब्ल्यूने त्याचा भूतकाळ बदलला. इथे तो त्याच पहिल्या आर्कवरून गेलेला जुना माणूस आहे. तो लॉस्ट लाइटवर येतो तेव्हा कोणी त्याच्याशी बोलायला तयार नसतं. एका खोलीत दोघांची सोय होते: कोणाला नको असलेला हा दैत्य आणि कोणाला माहीतच नसलेला हा ठेंगू.

दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे युद्धाआधीचं सायबरट्रॉन. सायक्लोनस जुन्या भाषेतली गाणी गातो आणि टेलगेटला त्या गाण्यांची ओढ लागते. मला ही जोडी समजली ती या गाण्यांपाशी. पुढे टेलगेटला 'सायबरक्रोसिस' हा जीवघेणा आजार जडतो. दिवस मोजके उरलेत हे कळल्यावर तो काय करतो आणि सायक्लोनस काय करतो, हे २०१३ मधल्या 'रिमेन इन लाइट' या कथाभागात आहे. ते इथे सांगत नाही, ते वाचायलाच हवं. टेलगेट त्यातून वाचतो, एवढं सांगतो.

मालिकेच्या जगात जन्माच्या जोडीदाराला 'कॉनजंक्स एंड्युरा' म्हणतात. क्रोमडोम आणि रिवाइंड ही त्यातली आधीची ठळक जोडी. हे नातं जुळायला चार कृती घडाव्या लागतात: जवळीक, मन उघडं करणं, काहीतरी देऊ करणं आणि निष्ठा. पुढच्या 'लॉस्ट लाइट' या मालिकेत सायक्लोनस आणि टेलगेट हेही असे जोडीदार होतात. म्हणजे 'ते फक्त मित्र आहेत का' या प्रश्नाचं उत्तर पानावर छापलेलं आहे. चाहत्यांनी ओढूनताणून काढलेला हा अर्थ नाही.

तोंड नाही, डोळे नाहीत, तरी तो इतका बोलका कसा वाटतो?

टेलगेटच्या चेहऱ्यावर निळी पट्टी आहे आणि तोंडाच्या जागी नुसता पत्रा. चित्रकाराच्या हातात खेळायला फारसं काही नाही. मिल्नच्या चित्रांत त्या पट्टीचा आकार बदलतो. आश्चर्य वाटलं की ती गोलसर फुगते, दुःख झालं की कडेला उतरते, संशय आला की बारीक होते. त्यात भर पडते ती अंगाच्या ठेवणीची. खांदे पाडून उभा राहिलेला टेलगेट आणि त्याच चौकटीत त्याच्या दुप्पट उंचीचा, ताठ सायक्लोनस. पुढच्या वेळी वाचाल तेव्हा संवादांचे फुगे झाकून फक्त या दोघांची उभं राहायची पद्धत बघा. काय चाललंय ते बरंचसं कळतं.

गेटअवेने त्याच्याशी काय केलं?

२०१४ मध्ये मेगाट्रॉन ऑटोबॉट होऊन जहाजावर कप्तान म्हणून येतो. अनेकांना ते सहन होत नाही. गेटअवे हा त्यातला सगळ्यात गोड बोलणारा. तो टेलगेटशी मैत्री करतो, त्याचं कौतुक करतो, हळूहळू त्याला सायक्लोनसपासून तोडतो. बेत असा की टेलगेटने मेगाट्रॉनला डिवचावं, मेगाट्रॉनने त्याला मारावं आणि मग सगळं जहाज मेगाट्रॉनवर उलटावं. म्हणजे मैत्री फक्त बळी तयार करण्यासाठी.

माझ्या मते या मालिकेतला सगळ्यात क्रूर खलनायक गेटअवे आहे. मेगाट्रॉनच्या नावावर कोट्यवधी मृत्यू आहेत, पण ते आकडे म्हणून समोर येतात. गेटअवेचं कारस्थान आपण अंकामागून अंक, एका भाबड्या जीवाच्या शेजारी बसून बघतो. डाव फसतो, टेलगेट जगतो आणि त्याच्या छोट्या अंगात अफाट ताकद असल्याचं पुढे येतं. ती ताकद कुठून आली, हे मात्र मालिकेतच वाचा.

'ट्रान्सफॉर्मर्स: प्राइम'मधला टेलगेट हाच का?

नाही. २०१० मध्ये सुरू झालेल्या त्या टीव्ही मालिकेत टेलगेट हा आर्सी या ऑटोबॉट नायिकेचा जुना साथीदार. एअरॅकनिड ही खलनायिका त्याला ठार करते आणि आर्सीच्या मनातली ती जखम पुढे बराच काळ भळभळत राहते. नाव एक, पात्रं दोन. ट्रान्सफॉर्मर्समध्ये दर काही वर्षांनी नवं विश्व सुरू होतं आणि जुनी नावं नव्या देहांना मिळतात, त्यामुळे हा घोळ टेलगेटपुरता नाही.

खेळणं घ्यायचं तर कोणतं घ्यावं?

तुम्हाला कोणता टेलगेट आवडतो त्यावर ठरवा.

१९८६ चा मूळ मिनिबॉट मुठीत मावतो, दोन-चार हालचालींत गाडीचा रोबो होतो, सांधे म्हणाल तर हात वरखाली, बस्स. त्याचं मोल आठवणीचं आहे. शेल्फवर वेगवेगळ्या पवित्र्यांत उभा करायचा असेल तर तो निराशा करेल.

२०१४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्सच्या तिसाव्या वर्षानिमित्त निघालेल्या मालिकेत 'लेजंड्स' या छोट्या आकारात टेलगेट आला, सोबत ग्राउंडबस्टर नावाचा चिमुकला साथीदार. हा बेतलेला आहे कॉमिकमधल्या टेलगेटवर. वाचक असाल तर पहिल्यांदा हाच शोधा. त्याच सुमारास त्याच आकारात स्वर्व्हही निघाला, फ्लँकर नावाच्या जोडीदारासह. दोघं शेजारी ठेवले की जहाजावरचा स्वर्व्हचा बार आठवतो.

२०१८ मध्ये 'पॉवर ऑफ द प्राइम्स' मालिकेत पुन्हा लेजंड्स आकारात तो आला. हा जुन्या खेळण्याच्या वळणाचा आहे आणि इथेही साचा विंडचार्जरबरोबर वाटून घेतलेला. बत्तीस वर्षांनीही ही जोडी सुटली नाही. सांधे चांगले आहेत, गाडीही घट्ट बसते. मुलांच्या हातात द्यायला मी हा देईन.

जुना टेलगेट विकत घेताना काय तपासावं?

आधी रंग. पांढरं प्लास्टिक वयानुसार आणि उन्हाने पिवळं पडतं, आणि टेलगेट जवळपास सगळाच पांढरा, त्यामुळे त्याला हा त्रास लाल विंडचार्जरपेक्षा जास्त जाणवतो. विक्रेत्याकडून दिवसाच्या उजेडातला फोटो मागा. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत काहीच कळत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पांढरेपणा परत आणता येतो, पण तो टिकेलच असं नाही आणि चुकलं तर प्लास्टिकवर चट्टे उठतात. घाईने करू नका.

मग स्टिकर. १९८५ पासूनच्या खेळण्यांवर उष्णतेने बदलणारा एक छोटा चौकोन असायचा. अंगठ्याने चोळला की ऑटोबॉट किंवा डिसेप्टिकॉनचं चिन्ह उमटायचं. जुन्या नगावर तो बहुतेक वेळा झिजलेला असतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

जुने मिनिबॉट मधल्या काळात हॅस्ब्रोने पुन्हा बाजारात आणले होते, म्हणून 'मूळ १९८६' असं सांगून कोणी जास्त पैसे मागत असेल तर पॅकिंगचा आणि अंगावर कोरलेल्या मजकुराचा स्पष्ट फोटो बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. कोरलेलं कॉपीराइटचं साल म्हणजे नग बनल्याचं साल असं धरून चालू नका. साचा जुनाच वापरला तर आकडाही जुनाच राहू शकतो.

वाचायला सुरुवात कुठून करू? मला ट्रान्सफॉर्मर्समधलं काही माहीत नाही.

'मोअर दॅन मीट्स द आय'च्या पहिल्या संग्रहापासून. त्यात आधीचा 'द डेथ ऑफ ऑप्टिमस प्राइम' हा स्वतंत्र अंकही आहे आणि जहाज का निघालं ते त्यातून कळतं. मालिका २०१२ ते २०१६, एकूण ५७ अंक, दहा संग्रह. अंक २३ ते २७ 'डार्क सायबरट्रॉन' या दोन मालिकांच्या सामायिक कथेत गुंतलेत. तिथे नुसती हीच मालिका वाचलीत तर अर्धी कथा हातातून निसटेल. नंतर 'लॉस्ट लाइट', २०१६ अखेर ते २०१८, २५ अंक, चार संग्रह. तिथे आयडीडब्ल्यूचं ते विश्वच संपतं.

पहिले दोन-तीन अंक गर्दीचे वाटतील. नावं पाठ करत बसू नका. टेलगेटवर लक्ष ठेवा, तोही तुमच्याबरोबरच सगळ्यांची नावं शिकतोय.

आता नव्या कॉमिक्समध्ये तो आहे का?

आयडीडब्ल्यूकडचे हक्क २०२२ अखेर संपले आणि २०२३ पासून स्कायबाउंड या दुसऱ्या प्रकाशन संस्थेने नवं विश्व सुरू केलं. लॉस्ट लाइटवरचा टेलगेट त्या विश्वातला नाही. तो वर सांगितलेल्या ८२ अंकांत आहे, शेवटच्या पानापर्यंत.